डिंकीची फोर्ड झेफर

खेळण्यातल्या गाड्यांची टपाल तिकिटं म्हटलं की हॉट व्हील्स गाड्यांच्या २०१८ मधल्या अमेरिकन तिकिटांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. पण मला त्याहून प्रिय आहे ब्रिटिश टपालसेवा रॉयल मेलच्या २००३ च्या खेळण्यांच्या संचातलं, डिंकी या खेळण्यांच्या ब्रँडच्या फोर्ड झेफर मोटारीचं तिकीट. खेळण्यातल्या गाडीचं इतकं देखणं तिकीट विरळाच! त्या संचात पाच खेळणी आहेत: मेकॅनोचं विमान, हॉर्नबीचं चावीचं इंजिन, ही झेफर, वेल्स-ब्रिमटॉयची दुमजली बस आणि मेटॉयचं अंतराळयान. यातली पहिली तिन्ही लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्याच कंपनीची. आणि मेटॉय म्हणजे १९५६ पासून कॉर्गी या खेळण्यातल्या गाड्या काढणारी, डिंकीची तेव्हाची थेट प्रतिस्पर्धी! हे स्पर्धक इथे एकत्र आलेत, त्यामुळे तिकिटं सुटी न घेता अख्खा संचच घ्या.