दालचिनीची पूड रोज दोन चमचे: आईला चालू ठेवू का?

प्रश्न
आईला सहा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. दोन महिन्यांपासून ती रोज दोन छोटे चमचे दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घेते. उपाशीपोटीची साखर १५२ वरून १३८ वर आली, आणि आता गोळ्याच सोडते म्हणतेय. 'सिलोन' दालचिनीच घ्यावी असंही कुणीतरी सांगितलं. खरंच फरक असतो का?

उत्तर १
ताई, गोळ्या अजिबात सोडू देऊ नका. एवढा फरक झोप आणि आदल्या रात्रीच्या जेवणानेही पडतो. एचबीए१सी करा, त्यात तीन महिन्यांचं खरं चित्र दिसतं.

दालचिनीत फरक आहे, आणि तो मोठा आहे. काडी हातात घेऊन बघा. सिलोनची काडी म्हणजे कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरडते. दुसऱ्या जातीची, म्हणजे कॅसिया दालचिनीची, साल जाड, एकाच थराची, दोन्ही कडा आत वळलेल्या आणि मोडता मोडत नाही. या कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनमध्ये नाममात्र. जास्त कुमारिन यकृताला बाधतं. युरोपात ठरवलेली रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३ धरलं तर दोन चमच्यांत, म्हणजे पाचेक ग्रॅममध्ये, १५ होतं!

मी स्वतः वर्षभर कॅसियाची पूड घेत होतो. तपासणीत एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं, पूड थांबवल्यावर दोन महिन्यांत उतरलं. कारण तेच होतं असं छातीठोकपणे नाही सांगत, पण पुन्हा घ्यायचा धीर झाला नाही.

उत्तर २
साखर उतरण्याबद्दल म्हणाल तर २००३ साली ६० रुग्णांवरच्या एका अभ्यासात उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के उतरली होती, तिथूनच हा बोलबाला झाला. पण २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५७७ माणसं एकत्र पाहिली, तेव्हा दालचिनी घ्या म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललेलं जास्त उपयोगी.

उत्तर १
एक राहिलं. ग्लिमेपिराइडने साखर एकदम खालीही जाते. हात थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच साखर तपासा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पुडीचं डॉक्टरांना सांगाच.

प्रश्नकर्ती
डबा उघडून काडी पाहिली. जाड, एकच थर, खलबत्त्यातही जेमतेम मोडली. पूड आजपासून बंद, गोळ्या चालू. सोमवारी एचबीए१सी आणि एसजीपीटी दोन्ही करतोय.