मदत हवी आहे: काळ्या मातीत बारा जणांचं घर, पाया पावसाआधी घ्यावा की दसऱ्यानंतर?

माजघर

नमस्कार. आमचं एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, थोरले दीर-जाऊबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि पाच मुलं. जुन्या नाशकातल्या वाड्यात तीन पिढ्या राहिल्या. मागच्या श्रावणात रात्री मागच्या बाजूची मातीची भिंत बसली. त्या भिंतीला लागूनच मुलांची अंथरुणं असतात. त्या दिवशी मुलं मामाकडे गेली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून दोन फ्लॅट भाड्याने घेऊन विभागून राहतोय, आणि सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात की सगळे एका छपराखाली कधी येणार.

सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी मखमलाबाद शिवारात घेतलेली आठ गुंठे बिनशेती जागा आहे. तिथे तळमजला आणि वर एक मजला, मिळून ४,८०० चौरस फुटांचं घर बांधायचं ठरलंय. नकाशा आर्किटेक्टकडे तयार आहे, महापालिकेत अजून दाखल केलेला नाही.

एका ठेकेदाराने मालासकट २,१०० रुपये चौरस फूट सांगितलेत. म्हणजे एक कोटीच्या वर जातंय. तो म्हणतो पाडव्याला भूमिपूजन करा, पाच फुटांचा पाया पुरे, इकडे सगळे एवढाच घेतात. सिंहस्थाची कामं चालू आहेत, दिवाळीनंतर सेंट्रिंगची माणसं मिळायची नाहीत, असंही सांगतो.

माझ्या मिस्टरांना ते पटेना, म्हणून गेल्या रविवारी जेसीबी लावून एक खड्डा घेतला. सात फुटांपर्यंत निव्वळ काळी माती. वरच्या थरात आत्ताच, फेब्रुवारीत, हात जाईल एवढ्या भेगा आहेत. सात फुटांखाली पिवळसर भुसभुशीत मुरूम, आणि साडेनऊ फुटांवर असं कडक लागलं की बकेटचे दात नुसते घासत होते.

आता पाच फुटांवर थांबायचं की साडेनऊपर्यंत जायचं? आणि पाया जूनच्या आत उरकायचा की पावसाळा जाऊ द्यायचा? घरात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. थोरल्या दिरांची द्राक्षबाग आहे, त्यांना मातीची जाण आहे, ते थांबा म्हणतात. धाकटे म्हणतात भाडं दुप्पट जातंय. हिशोबाची वही माझ्याकडे आहे, त्यामुळे दोघांचंही खरं वाटतं. ज्यांनी काळ्या मातीत बांधलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

आडगाव_शिवार

ताई, पाच फुटांवर थांबू नका. आम्ही २०११ साली आडगावच्या बाजूला बांधलं. पाया साडेचार फूट, सगळा काळ्यात. दोन वर्षं काही जाणवलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जायचं, आणि सप्टेंबरमध्ये ती आपोआप मिटायची. पावसाळ्यात न्हाणीघराचं दार चौकटीत अडकायचं, उन्हाळ्यात सुटायचं. मग हॉलच्या फरश्या मधोमध वर आल्या.

दोनदा गिलावा करून घेतला. दोन्ही वेळा चीर त्याच जागी आली. शेवटी एका इंजिनियरने सांगितलं की भिंतीला काही झालेलं नाही, खालची जमीन श्वास घेतेय. वडिलांनी निवृत्तीचे सगळे पैसे त्या घरात घातले होते. ती चीर बघत ते बसायचे, तो चेहरा मी विसरू शकत नाही. म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, नाशिक आणि निफाड पट्ट्यात काम करतो. वरच्या दादांनी लिहिलंय ते अगदी तसंच होतं.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. ओलाव्याचा हा बदल साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोलीपर्यंत पोचतो. पाच फुटांवरचं फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ, या हलणाऱ्या थराच्या मधोमध बसतं. शिवाय घराखालची माती झाकलेली असते आणि कडेची उघडी. कडा वर-खाली होतात, मधला भाग वेगळा वागतो. तिरकी चीर त्यातून येते.

तुमचं नशीब चांगलं आहे, कारण साडेनऊ फुटांवर न फुगणारा कडक मुरूम लागलाय. सगळी फूटिंग त्या मुरुमावर घ्या. काही काळ्यात आणि काही मुरुमावर असं कदापि होऊ देऊ नका. एकच खड्डा बघून पूर्ण प्लॉटचं ठरवायचं नाही. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घ्या, कारण शिवारात दहा पावलांवर थर बदललेला मी पाहिलाय. मुरूम कुठे फारच खोल गेला तर अंडर-रीम्ड पाईल्स (खोल भोकात ओतलेले, बुडाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) हा पर्याय आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या काळ्या मातीसाठीच ती पद्धत बसवली.

माती तपासून घ्या. फुगवट्याची चाचणी साधी असते. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करतात, एक पाण्यात आणि एक केरोसीनमध्ये ठेवतात. केरोसीनमध्ये ती फुगत नाही. पाण्यातली पातळी त्यापेक्षा ५० टक्क्यांवर गेली की सावध व्हायचं. त्याच अहवालात मुरुमाची भार पेलण्याची क्षमताही येऊ द्या, तिच्याशिवाय फूटिंगचं माप काढणं म्हणजे अंदाजपंचे.

खोल गेलं की खर्च अवाच्या सवा वाढतो, असा समज आहे. खोदाई आणि कॉलमची उंची वाढते, हे खरं. पण मुरूम जास्त भार पेलतो, त्यामुळे फूटिंगचा पसारा कमी होतो. ड्रॉइंग झालं की दोन्हीचा हिशोब मांडून बघा.

वेळेचं म्हणाल तर बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. जोत्यापर्यंत काम झालं की जोता तपासणी असते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. आज नकाशाही दाखल नाही. मृगाच्या आत सगळी फूटिंग, भराव आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) पुरे होत असतील तरच उन्हाळ्यात सुरुवात करा. दहा फुटांचे उघडे खड्डे पावसात सापडले तर काळ्याच्या बाजू ढासळतात. आत माणसं काम करत असतात, हे आधी लक्षात घ्या. शिवाय तळाचा मुरूम चिखल होतो, तो खरवडून पुन्हा खाली जावं लागतं. मी तुमच्या जागी असतो तर दसऱ्यानंतर सुरू केलं असतं.

माजघर

दोघांचेही मनापासून आभार. ओळंबा सर, तुमचा प्रतिसाद रात्री सगळ्यांना वाचून दाखवला. थोरले दीर काही बोलले नाहीत, पण त्यांनी तो परत एकदा स्वतः वाचला.

ठेकेदाराला विचारलं, तर म्हणाला खोल जाऊ, पण खोदलेली मातीच जोत्यात भरू, मुरूम आणायचा खर्च वाचेल. हे चालेल का? आणि आमच्यातलं कोणी ना कोणी रोज साईटवर असेल, तर आम्ही नेमकं काय बघायचं?

ओळंबा

नाही, ताई. काळी माती जोत्यात भरली तर पाया मुरुमावर असूनही फरश्या वर येतील. ती बागेला ठेवा किंवा उचलून द्या. आत मुरूमच हवा, नऊ इंचांहून जाड थर नको, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस किंवा कॉम्पॅक्टर. प्लिंथ बीमच्या खाली तीनेक इंच मोकळी जागा सोडायला सांगा, म्हणजे खालची माती फुगली तरी बीमला उचलणार नाही. घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरसबंदी करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. गच्चीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका. तुमचा प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आहे, पर्जन्यजल संधारण करावंच लागेल, तो खड्डा घरापासून लांब घ्या. मोठी झाडंही भिंतीला चिकटून नकोत, उन्हाळ्यात ती मातीतलं पाणी ओढून घेतात.

साईटवर बघायचं म्हणजे कव्हर ब्लॉक, सळई फळीपासून दूर ठेवणारे छोटे ठोकळे. सळई आणि फळी यांच्यात फूटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, बीमला २५ आणि स्लॅबला २० मिलिमीटर अंतर हवं. खडीचे तुकडे लावून भागवतात, ते चालवून घेऊ नका. लोखंडाची गाडी आली की एक सळई मोजून वजन करा. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. फारच कमी भरली तर गाडी परत. काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघा.

पाणी मारण्यात आपल्याकडे सर्वांत जास्त कुचराई होते. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, आणि ते सुद्धा दिवसातून दोनदा शिंतोडे मारून नव्हे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. हॉलचा स्पॅन, म्हणजे आधारांमधलं अंतर, पंधरा फुटांच्या वर असेल तर स्लॅबचे टेकू चौदा दिवस काढू द्यायचे नाहीत.

एक करून ठेवा. जेसीबीने घेतलेल्या त्या खड्ड्यात छिद्रं पाडलेला चार इंची पाईप उभा करून खड्डा बुजवा, वर झाकण लावा. पावसाळ्यात दोरी सोडून पाणी किती फुटांवर येतं ते मोजत राहा. डिझाइनला त्याचा फार उपयोग होतो.

सातबारा

पायाचं झालं, आता कागदांचं. जागा सासऱ्यांच्या नावावर होती, ते नाहीत असं वाचण्यावरून वाटतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली, सगळ्यांचा सारखा हिस्सा. तुम्हाला नणंद आहे का? असेल तर तिचाही तेवढाच आहे, लग्न कधीही झालेलं असो. वारसनोंद झाली आहे का ते उताऱ्यावर बघा. कर्ज काढणार असाल तर बँक सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मागेल.

हक्कसोडपत्र करायचं तर ते नोंदणीकृत हवं आणि तिच्या खुशीने हवं. ‘ताई काय, सही करेलच’ हे गृहीत धरून नकाशा काढू नका. आधी तिच्याशी बोला. आमच्या घरात हे बोलणं स्लॅब पडल्यावर झालं, आणि त्यानंतर आत्या आठ वर्षं आमच्याकडे आली नाही.

हद्द कायम मोजणीही आत्ताच करून घ्या. कुंपण म्हणजे हद्द नव्हे.

चौकातली_तुळस

माजघर, वयस्कर माणसासाठी एक सांगते. काळ्या मातीत जोतं उंच घेतात. ते अडीच फूट असेल तर बारास एक उताराने (फूटभर चढाला बारा फूट) रॅम्पची लांबी तीस फूट होते. एवढी जागा नकाशात आत्ता नसेल तर नंतर मिळत नाही, मग घसरगुंडीसारखा काहीतरी रॅम्प होतो आणि कोणी वापरत नाही. सासूबाईंची खोली तळमजल्यावर, न्हाणीघर लागून, दार तीन फुटांचं, मध्ये उंबरा नको.

आणि स्वयंपाकघराचं तिघी जावांनी मिळून ठरवा. आमच्याकडे खाली एक मोठं, कोठीची खोली जोडून, आणि वर फक्त चहा-दुधापुरता ओटा आहे. बारा वर्षं नीट चाललंय. वाड्यातून येताय म्हणून चौक हवासा वाटेल. जरूर ठेवा, पण पाणी जायला दोन वाटा ठेवा. एक पानांनी तुंबली की दुसरी लागतेच.

माजघर

सहा आठवड्यांनी लिहितेय. आणखी चार खड्डे घेतले. ईशान्येच्या कोपऱ्यात कडक मुरूम अकरा फुटांवर लागला, बाकी ठिकाणी नऊ ते दहाच्या दरम्यान. पाण्यातली माती केरोसीनमधल्यापेक्षा ८० टक्के जास्त फुगली. त्या ठेकेदाराला नमस्कार केला. आता माल आमचा, मजुरी त्यांची असा करार दुसऱ्या माणसाशी करतोय. टप्प्याटप्प्याने पैसे, आणि पाच टक्के एक पावसाळा निघेपर्यंत आमच्याकडे. नकाशा दाखल झाला. भूमिपूजन दसऱ्याला.

सातबारा, तुम्ही लिहिलंत म्हणून नणंदबाईंना घरी बोलावलं. हे बोलणं कोणी काढायचं यावर दोन दिवस गेले, शेवटी सासूबाईंनीच काढलं. वन्सं म्हणाल्या, पैसे नकोत, पण मला माहेरी आल्यावर ‘कुठे झोपू’ असं विचारावं लागू नये. हक्कसोडपत्राचा विषय आम्ही तिथेच थांबवला. उताऱ्यावर पाचही नावं लागली आहेत, कर्जाच्या कागदांवर त्या सही करणार आहेत, आणि तळमजल्यावर सासूबाईंच्या शेजारची खोली आर्किटेक्टने त्यांच्या नावाने दाखवली आहे. त्यासाठी गाड्यांची जागा एकाने कमी झाली. कोणी हरकत घेतली नाही.

तीस फुटांचा रॅम्प पूर्वेच्या बाजूने, चौकाला वळसा घालून बसलाय.

पाईप उभा केलाय. झाकणाला कुलूप आहे, किल्ली थोरल्या दिरांकडे. जूनपासून दर रविवारी ते दोरी सोडून मोजणार आहेत. आकडे इथेच लिहीत जाईन.