मदत हवी आहे: हॉटेलची ब्रेक शिफ्ट, टाचेची दुखापत आणि पुन्हा धावणं

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आता सिझन तोंडावर आला, पुढच्या आठवड्यापासून ड्युटीचे तास वाढणार, म्हणून आज बसलोच.

मी मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा, राहतो म्हापशाला आणि कांदोळीतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा शेफ, आहे. वय ४१. पाच वर्षांपूर्वी धावायला लागलो तेव्हा वजन ८६ किलो होतं आणि ड्युटी संपवून रात्री दीडला घरी पोचलो तरी तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नसे. किचनमधला आवाज कानातून जात नाही. ऑर्डरी, भांडी, एक्झॉस्टची घरघर, सगळं अंथरुणापर्यंत सोबत येतं. धावताना तो आवाज पहिल्या दोन किलोमीटरमध्ये थांबतो. मला दुसऱ्या कशानेही तसं झालेलं नाही. म्हणून हे सोडायचं नाही, एवढं मनाशी पक्कं आहे.

दुखापत कशी झाली ते नीट सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे असं वाटतं. ऑक्टोबर ते मार्च आमचा सिझन. त्या काळात आठवड्यातून दोनदा, तेही चार-पाच किलोमीटर, डांबरी रस्त्यावर, एवढंच जमायचं. एप्रिलच्या शेवटी पाहुणे कमी झाले, संध्याकाळ मोकळी मिळू लागली आणि मी रोज किनाऱ्यावर जायला लागलो. कांदोळीहून कळंगुट, कधी बागापर्यंत. अनवाणी. ओहोटीला पाण्यालगतची वाळू घट्ट असते, पण ती समुद्राकडे उतरती. भरती चढली की धावायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात प्रत्येक पावलाला टाच खाली जाते आणि मागची शीर ताणली जाते. जाताना घट्ट, येताना भुसभुशीत, असं तीन आठवडे चाललं. सहा महिन्यांत जे राहिलं ते एका महिन्यात भरून काढायचं, हेच डोक्यात होतं.

मे संपता संपता सकाळी पलंगावरून उतरलो की डाव्या टाचेच्या वर, दोनेक इंच, अशी कळ यायची की भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जावं लागे. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी. जूनभर काहीच केलं नाही, पूर्ण आराम. दुखणं गेलं. जुलैत पहिली उघडीप मिळाल्याबरोबर पाच किलोमीटर धावलो आणि दुसऱ्या दिवशी परत भिंत धरली. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. सोनोग्राफीत टेंडन मधल्या भागात जाड झालेलं दिसलं, फाटलेलं नाही. फिजिओने जिन्याच्या पायरीवरचा व्यायाम दिला: दोन्ही पायांनी टाचा वर, मग वजन दुखऱ्या पायावर घेऊन सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०. बारा आठवडे.

दहा आठवडे झाले. मधे चवथीला घरी गेलो तेव्हा पाच दिवस चुकले. व्यायाम नाही, वर थंड फरशीवर अनवाणी उभं राहून घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, त्यामुळे एक आठवडा मागे गेलो. ते सोडलं तर फरक खूप आहे. सकाळचा आखडलेपणा आधी २५ मिनिटं राहायचा, आता पाचएक. एका पायावर उभं राहून टाच उचलणं उजव्याने २४ वेळा होतं, डाव्याने १७. गेल्या दोन आठवड्यांत तीनदा सपाट रस्त्यावर दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा करून पाहिलं. दोनदा दुसऱ्या दिवशी काही त्रास नाही. तिसऱ्यांदा मात्र सकाळी पुन्हा लंगडत उठलो. त्या दिवशी धावणं तेवढंच होतं, पण संध्याकाळी लग्नाचा बँक्वेट होता आणि रात्री घड्याळात १६ हजार पावलं दिसली.

आता वेळेचं. ऑक्टोबरपासून ब्रेक शिफ्ट. सकाळी साडेदहा ते साडेतीन, मग संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा, बुफे असला की बारा. कागदावर दहा तास. पण मधल्या तीन तासांत म्हापशाला जाऊन येणं परवडत नाही, कळंगुटच्या ट्रॅफिकमध्येच तास जातो, म्हणून स्टाफरूममध्येच पडून राहतो. थोडक्यात सकाळी पावणेदहाला घर सोडतो ते रात्री साडेबारा-एकला परत. झोप सहा तास झाली तर चांगली म्हणायची. ऑफ सोमवारी, २० डिसेंबर ते २ जानेवारी तोही नाही.

माझ्यापुढे तीन वेळा आहेत आणि तिन्हींत खोट आहे. सकाळी साडेसहाला पर्राच्या माडांच्या रस्त्यावर धावायला छान, मोकळा सपाट रस्ता, फोटोवाले पर्यटक यायच्या आधीची वेळ. पण मग झोप पाच तास. चार ते सहाच्या मधे वेळ आहे, पण ऑक्टोबरचं ऊन आणि दमट हवा, आणि पुढे पाच तास गॅससमोर उभं राहायचं. रात्री ड्युटीनंतर पाय इतके भरलेले असतात की टाचेचं खरं दुखणं कोणतं आणि थकवा कोणता ते कळत नाही.

तर विचारायचं आहे ते हे. किचनमधली पावलं टेंडनच्या हिशेबात धरायची का? तिन्हींतली कोणती वेळ कमी वाईट? रोजचे १८० व्यायाम सिझनमध्ये होणार नाहीत हे मला आत्ताच दिसतंय, मग त्याला पर्याय आहे का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे आठवड्यात दोन दिवस चुकले की सोमवारी ते भरून काढायची माझी जी खोड आहे तिला आवर कसा घालायचा? बारा-बारा तास उभ्याने काम करून धावणाऱ्यांनी सांगितलं तर फार उपकार होतील. शर्यतीची घाई नाही. डिसेंबरातली गोवा रिव्हर मॅरेथॉन कधीतरी धावायची इच्छा आहे, पण या धंद्यात डिसेंबर आपला नसतो, हे स्वीकारलंय.

---

प्रतिसाद:

दादा, मी फिजिओ आहे, पणजीत प्रॅक्टिस करते. न तपासता सांगतेय, तेव्हा तुमच्या फिजिओंना विचारूनच बदल करा.

पावलं धरायचीच. चालण्याचा भार धावण्यापेक्षा पुष्कळ कमी, धावताना टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. पण टेंडनला एकूण आकड्यापेक्षा अचानक झालेली वाढ जास्त सोसत नाही. रोजची दहा हजार पावलं त्याच्या सवयीची झाली असतील तर ती त्रास देणार नाहीत. सोळा हजारांचा दिवस आणि धावणं एकत्र आलं, तिथे बिघडलं. बँक्वेटच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी धावू नका, एवढा नियम पुरे.

१८० चा व्यायाम स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांच्या १९९८ च्या पद्धतीतला. तो चांगलाच आहे, पण एकमेव नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्ये त्याची तुलना आठवड्यातून फक्त तीनदा, जड वजन घेऊन, सावकाश करायच्या व्यायामाशी झाली. बारा आठवड्यांनी आणि वर्षाने पाहिलं तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले होते. तुमच्यासाठी तोच. पाठीवरच्या बॅगेत तांदळाची दहा किलोची पिशवी घाला, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. आठवड्यातून तीनदा, मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या जिन्यावर. ऊन नाही, घाम कमी, वीस मिनिटं. डावा पाय उजव्याच्या बरोबरीला, चोवीसपर्यंत येईतो हा व्यायाम धावण्यापेक्षा महत्त्वाचा समजा.

धावणं आठवड्यातून दोनदाच ठेवा, सोमवार आणि गुरुवार, दोन्ही सकाळी. शुक्रवार ते रविवार तुमच्याकडे गर्दी असणारच. याला नाइलाज समजू नका. धावल्यानंतर पहिले २४ ते ३६ तास टेंडनमध्ये कोलॅजन (टेंडन ज्याचं बनलेलं असतं ते प्रथिन) तयार होण्यापेक्षा मोडणं जास्त असतं, बांधणी त्यानंतर पुढे जाते. दोन धावण्यांत दोन-तीन दिवसांचं अंतर पडणं तुमच्या फायद्याचं आहे. सोमवारी गुरुवारचं भरून काढलंत तर बांधकामाच्या मधोमध भिंतीला धक्का दिल्यासारखं होईल. आणि रात्री झोप पाच तासांहून कमी झाली असेल तर गजर बंद करून झोपा, बेलाशक.

धावताना दुखणं दहापैकी पाचपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच हवं. हे मोजमाप ठेवून धावत राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही, असं २००७ च्या स्वीडिश अभ्यासात दिसलं. त्यात रुग्ण ३८ च होते, तरी मी रोजच्या कामात हेच वापरते. तुमच्या वहीत किलोमीटर लिहू नका, सकाळच्या आखडलेपणाची मिनिटं लिहा.

किनारा मार्चपर्यंत विसरा. किचनमध्ये अगदी सपाट बूट घालू नका, टाच किंचित उंच असलेले घ्या.

एक विचारायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतंत का? पोटासाठी, लघवीच्या संसर्गासाठी देतात. या गटातल्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. आणि चाळिशी ओलांडलीय तर एकदा रक्तातली साखर बघून घ्या, तिचाही टेंडनशी संबंध असतो.

---

प्रतिसाद:

मी बांबोळीला नर्स आहे, बारा तासांची ड्युटी, कधी रात्रीची. माझी पोटरी दुखावली होती, टेंडन नाही, म्हणून व्यायामाचं ताई सांगताहेत तेच ऐका. भरून काढायच्या खोडीबद्दल मात्र सांगू शकते, कारण तीच मला नडली होती.

मी आठवड्याचा बेत करायचं सोडलं. रोस्टर लागलं की त्यावरच पेन्सिलीने दोन खुणा करते, जिथे आदल्या रात्रीची झोप शक्य आहे तिथेच. खूण चुकली तर ती खोडते आणि तो दिवस गेला. तो कुठेही हलवत नाही. पहिला महिना फार जीवावर आलं, कॅलेंडर अपुरं वाटायचं. पण मग पाय दुखायचा थांबला. आणि बूट दोन जोड ठेवा, ब्रेकनंतर दुसरा घाला. ओल्या, दबलेल्या सोलवर दुसरे पाच तास उभं राहू नका.

---

मूळ लेखक:

तुम्हा दोघींचे आभार. देव बरें करूं.

ताई, तुमचा औषधाचा प्रश्न वाचून आज फाइल काढली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सासिनच घेतलं होतं. त्यानंतर आठच दिवसांनी मी किनाऱ्यावर रोज धावायला सुरुवात केली. सगळा दोष त्या गोळ्यांचा नाही, रोजची दहा किलोमीटर माझीच होती, पण हे दोन्ही एकावर एक पडलं हे मला कुणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं. डॉक्टरांना दाखवून पुढच्या वेळी दुसरं औषध मागेन. साखरेची तपासणी याच आठवड्यात करतो.

ऑक्टोबरचं रोस्टर काल लागलं. आठ खुणा केल्यात. १६ तारखेला बँक्वेट आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशीची खूण खोडली, आता सात. दोन मिनिटं धावणं, दोन चालणं हेच महिनाभर ठेवतो, डावा पाय चोवीसला पोचेपर्यंत मिनिटं वाढवत नाही.

पर्रा-साळगाव बाजूला सोमवारी सकाळी साडेसहाला कुणी सावकाश धावत असेल तर कळवा. माझ्याबरोबर दर दोन मिनिटांनी चालायची तयारी हवी.