माशांच्या टँकमधलं मॉन्टे कार्लो (तळाला गादीसारखं पसरणारं पाण्यातलं रोप) बुडातनं सुटायला लागलंय, कापू का?

राजारामपुरीकर: २ फुटी टँक, मॉन्टे कार्लो लावून ३ महिने झाले, पुढं मस्त पसरलंय पण मागं उंच वाढून सुटायला लागलंय, कात्री लावायचं धाडसच होईना. काय करू भावांनो?

शाहूपुरीवाला: काप लगा बिनधास्त. लई दाट झालं की खालची पानं अंधारात पिवळी पडत्यात, मुळं सुटतात आणि अख्खी गादीच तरंगून वर येते, म्हणून वाकड्या कात्रीनं दीड-दोन सेंमी ठेवून काप, फिल्टर बंद ठेव, तुकडे जाळीनं गोळा कर आणि निम्मं पाणी बदल.

कळंबेकर: नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच टाका, मासे जपा. कापलेले शेंडे चिमट्यानं मोकळ्या जागेत खोचा, मुळं धरतात.

राजारामपुरीकर: रविवारी कापतोच, फोटो टाकतो.