मोठीआई कोणत्या आकड्यात गेली? स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू, गाव आणि शहर

महालची_लेक

नमस्कार मंडळी. लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला.

माझी मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची (वडिलांच्या थोरल्या भावाची) बायको, भिवापूरजवळच्या एका खेड्यात राहायची. सगळं आयुष्य मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे देठं खुडायच्या जागी, गेलं. दिवसभर देठं खुडून बोटांची आग व्हायची, मग रात्री ताकात हात बुडवून बसायची. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास तिला डाव्या बाजूला गाठ लागली, बोराएवढी. दुखत नव्हती म्हणून बोलली नाही. मी संक्रांतीला गेले तेव्हा तिच्या ब्लाउजमध्ये जुन्या लुगड्याची घडी खोवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही वं, उष्णता भरली." दार लावून पाहिलं, तर कातडी आत ओढली गेली होती, त्यातून पाणी येत होतं आणि काखेत दुसरी गाठ होती.

नागपूरला आणलं. तपासणीत तिसरी स्टेज निघाली. केमो दर २१ दिवसांनी. पहिले चार माझ्याकडे राहून झाले. मग मिरचीचा हंगाम ऐन भरात आला, मोठेबाबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, दादा सातऱ्यावर मुकादम. ती "दोन दिवस घरी जाऊन येतो" म्हणून गेली. पाचव्या वेळी सोबत यायला कोणी नव्हतं. मला शाळेतून सुटी मिळाली नाही. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो. दिवाळीच्या आधी ती घरीच वारली. तिथल्या डॉक्टरने लिहून दिलेल्या कागदावर कारण होतं, हृदयक्रिया बंद पडली.

इकडे त्रिमूर्तीनगरला आमच्या शाळेतल्या एक मॅडम आहेत. वय तेव्हा ५४. काही त्रास नसताना मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, केली, दीड सेंटीमीटरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले. सहा वर्षं झाली, रोज अंबाझरीला फिरायला जातात.

मागच्या आठवड्यात वाचलं की हा आजार हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा शहरांत जास्त आणि खेड्यात कमी. खेड्यात कमी हे वाचून मला रडू आलं. माझी मोठीआई मग कोणत्या आकड्यात गेली? दादा म्हणतो हे सगळं कापसावरच्या आणि मिरचीवरच्या फवारणीनं होऊन राहिलं. तसं असेल तर शहरात जास्त का? आणि अमेरिकेत म्हणे या आजाराचे मृत्यू कमी होत चालले आहेत, ते कशानं? कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा. आयुर्वेदिक काढ्यांच्या लिंक कृपया देऊ नका.

---

निवृत्त_नोंदणीवाला

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी बरीच वर्षं कॅन्सर नोंदणीच्या कामात होतो, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही.

आमचं काम म्हणजे सायकल आणि पुढे स्कूटर. सकाळी मेडिकल, मग मेयो, तुकडोजी ही नागपूरची इस्पितळं, दुपारी खाजगी पॅथॉलॉजी लॅब. महिन्यातून काही दिवस महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत बसून रजिस्टर चाळायचं. मोक्षधाम, गंगाबाई घाट, अंबाझरी, मानेवाडा, सगळ्या घाटांच्या नोंदी तिथे येतात. आमच्याकडे रुग्णांची एक यादी आणि मृत्यूंची दुसरी. दोन्ही शेजारी ठेवून नाव, वय, पत्ता जुळवायचा. कागदावर "हृदय बंद पडलं" असलं तरी ती बाई आमच्या पहिल्या यादीत सापडली, तर तिचा मृत्यू हिशेबात येतो. म्हणजे कागद चुकला तरी माणूस सापडू शकतो. पण त्यासाठी आधी नाव पहिल्या यादीत असायला हवं.

इथेच मोठीआई निसटली. नोंद उपचार कुठे झाला यावर होत नाही, राहणं कुठलं यावर होते, आणि राहणं म्हणजे किमान एक वर्ष. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, सगळीकडून माणसं उपचाराला नागपुरात येतात, ती सगळी नागपूरची मोजली तर आकड्याला अर्थच राहणार नाही. चार केमो तुमच्या घरी राहून झाले, तरी तिचं गाव भिवापूरकडचंच. नागपूरची नोंदणी १९८० पासून आहे, पण माझ्या वेळी ती शहरापुरती होती. उमरेड ओलांडून गिरडकडे गेलं की वर्धा जिल्हा लागतो, तिथे सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजवाल्यांची नोंदणी अख्ख्या जिल्ह्याची आहे. मोठीआईचं घर तिकडे असतं तर तिचं नाव धरलं गेलं असतं.

आणि कागदाचं म्हणाल, तर २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे साडेबावीस टक्क्यांनाच डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. त्यातही "हृदयक्रिया बंद" लिहिणं ही जुनी सवय. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. फॉर्मवर खालच्या ओळीत मूळ आजार लिहायचा असतो, ती ओळ मी हजारो वेळा कोरी पाहिली आहे. म्हणून खेड्यातला मृत्युदर कमी दिसला की मी आधी विचारतो, मोजायला कोण गेलं होतं?

पण सगळाच दोष मोजणीचा नाही. खेड्यात आजार होण्याचं प्रमाण खरोखर कमी आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदणी चालते. तिथली माणसं गावोगाव जाऊन पारावर बसायची, कोणाला गाठ आहे का, अंगावरून जातं का, असं विचारायची. इतकं शोधूनही तिथलं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी निघालं. लवकर लग्न, लवकर पहिलं मूल, जास्त मुलं, वर्षानुवर्षं अंगावर पाजणं, यानं हा धोका कमी होतो. शहरात हे सगळं उलट, शिवाय पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन. मॅडमना आजार होण्याची शक्यता मोठीआईपेक्षा जास्त होती. झाल्यावर वाचण्याची शक्यतासुद्धा जास्त होती. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वर्तमानपत्रं दोन्ही एकाच मथळ्यात कोंबतात.

देशादेशांतही हेच दिसतं. वयाचा फरक काढून टाकल्यावर २०२० च्या जागतिक अंदाजात अमेरिकेत दर लाख बायकांमागे ९० च्या आसपास नवे रुग्ण, भारतात जेमतेम २६. आता मृत्यू पाहा. तिकडे १२ च्या थोडे वर, आपल्याकडे १३ च्या थोडे वर. आजार साडेतीन पट कमी आणि मृत्यू तरी थोडे जास्तच. हा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा छपाईची चूक समजलो होतो.

दादांच्या फवारणीबद्दल. त्यांचा संशय मी झटकून टाकणार नाही, विदर्भात फवारणीनं माणसं विषबाधा होऊन मेली आहेत. पण या आजारापुरतं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत ईशान्येकडच्या राज्यांत या आजाराचे मृत्यू इतर भागांपेक्षा जास्त असायचे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या बायका म्हणाल्या, आमच्या पाण्यात आणि मातीत काही तरी आहे. त्यांनी लावून धरलं आणि १९९३ मध्ये तिथल्या संसदेनं संशोधनाचा आदेश काढला. बायकांचं रक्त तपासलं, घरातली धूळ तपासली. २००२ मध्ये निकाल आले, तर डीडीटीसारख्या रसायनांशी संबंध सापडला नाही. उशिरा होणारं मूल, शिक्षण, राहणी, यांनीच बराचसा फरक समजावून सांगता येत होता. त्या बायकांनी विचारलं ते योग्यच केलं, असं मला आजही वाटतं.

---

पवनीकडची_आशा

ताई, मी भंडारा जिल्ह्यात आशा आहे. तुमच्या मोठीआईसारख्या बाया मी रोज पाहते.

तिशीच्या वरच्या प्रत्येक बाईचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, आम्ही भरतो. त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्न आहे. ओसरीवर विचारला तर शंभरातल्या शंभर बाया "नाही" म्हणतात, कारण सासरा खाटेवर बसलेला असते. आता मी तो प्रश्न तिथे विचारतच नाही. चुलीपाशी जाते, भाजी चिरू लागते, मग विचारते. एकदा एका बाईनं असंच माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, तोंडानं एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तिले घेऊन गेलो.

"दुखत नाही ना" हे सगळ्यात घातक वाक्य आहे बाप्पा. दुखलं असतं तर बाई गेली असती. दुखत नाही म्हणून कापूस वेचून होऊ दे, पोरीचं लगीन होऊ दे.

आणि पैशाचं लोक समजतात तेवढं नाही. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक बसते. पण सोबतीचा माणूस कोणत्याच योजनेत बसत नाही. त्याची मजुरी बुडते. शेक म्हटला की आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. राहाचं कुठी? तुम्हाले सुटी मिळाली नाही म्हणून मनाले लावून घेऊ नका. तुम्ही चार वेळा नेलं. माझ्याकडं एकदाही कोणी न नेलेल्या बाया आहेत.

---

मेडिकलचा_विद्यार्थी

अमेरिकेच्या प्रश्नाला थोडं जोडतो. तिथे मृत्युदर १९८९ नंतर उतरायला लागला आणि २०२२ पर्यंत सुमारे ४४ टक्क्यांनी खाली आला. मॅमोग्राफीमुळे आजार लवकर सापडू लागला आणि टॅमॉक्सिफेन, केमो, पुढे ट्रास्टुझुमॅब अशी औषधं आली, दोन्हीचा वाटा आहे. पण तिथेही हे सगळ्यांना सारखं मिळालं नाही. कृष्णवर्णीय बायकांना हा आजार गोऱ्या बायकांपेक्षा थोडा कमी होतो, तरी त्यांचा मृत्युदर जवळपास ४० टक्के जास्त आहे. त्यांच्यात काही आक्रमक प्रकार जास्त आढळतात हे खरं, पण विमा, अंतर आणि उशीर यांचा भाग मोठा आहे. मोठीआई आणि मॅडमचीच गोष्ट वाटते.

आपल्याकडे गावोगाव मॅमोग्राफीच्या गाड्या पाठवा असं लगेच कोणी म्हणेल. आपल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो, आणि कमी वयात स्तन घट्ट असल्यानं मॅमोग्राफीत गाठ लपते. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वस्त्यांमध्ये वीस वर्षं चाललेला अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. यंत्र नाही, दहावी झालेल्या मुलींना शिकवून दर दोन वर्षांनी हातानं तपासणी. २०२१ मध्ये निकाल छापून आला. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आणि देशभरात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या किती? २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १०० मागे एकसुद्धा पूर्ण भरली नाही, ०.९ टक्के. हा आकडा मला मृत्युदरापेक्षाही जास्त टोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं तीन गोष्टी सांगितल्या आहेत. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडावेत, दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्के रुग्णांचा उपचार शेवटपर्यंत जावा. यातली तिसरी वॉर्डात रोज तुटताना दिसते. चौथ्या केमोनंतर गाठ हाताला लागेनाशी होते, बाईला वाटतं बरी झाली, आणि ती येत नाही.

---

महालची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आशाताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

विद्यार्थी भाऊ, तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या म्हणून मी मागच्या वर्षीची डायरी काढली. नागपुरात पहिल्यांदा दाखवल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत १९ दिवस. म्हणजे साठ दिवसांची अट आम्ही पाळली होती. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंतचे चार-साडेचार महिने कोणी मोजलेच नाहीत. आणि चौथ्या केमोच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, "गाठ जवळजवळ गेली, मोठीआई खूष." तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि ते पान पुन्हा उघडवलं नाही.

नोंदणीवाले काका, दादाला लाँग आयलंडचं सांगितलं. त्याला पूर्ण पटलेलं नाही. पण त्यानं विचारलं, मग वहिनीला न्यायचं का? मोठीआईची सून ४६ वर्षांची, दोन चुलतबहिणी ४१ आणि ३८. बहिणींना तर आईकडूनच धोका आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं जाते आहे. आता बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तिघींना घेऊन सोमवारी परत येईन. या वेळी सुटीचा अर्ज आधी दिला आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण विचारलं, मी खरं ते लिहिलं. त्यांनी सही केली आणि हळूच विचारलं की चौथीला जागा आहे का.

काका, एकच विचारायचं राहिलं. त्या कागदावरची खालची कोरी ओळ आता भरून घेता येते का? माझ्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट आहे, फाइल आहे, सगळं जपून ठेवलं आहे.

---

निवृत्त_नोंदणीवाला

ताई, फाइल फेकू नका. जिथे मृत्यू नोंदवला त्या ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे रिपोर्टच्या प्रती आणि ज्यांनी कागद दिला त्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोय आहे, पण पुरावा लागतो, तो तुमच्याकडे आहे. रविवारी जाताच आहात, सोमवारी कार्यालय उघडलं की आधी तिथे थांबा, मग तिघींना घेऊन निघा.