हौद्यातली हळद केस्तूड थांबवते का?

प्रयोगशाळेतून: परवा इथे कोणीतरी लिहिले की, तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, हळद, ताक आणि तेल मुरलेले असल्याने पैलवानाला केस्तूड (केसाच्या मुळाशी होणारा पुवाचा फोड) होत नाही, आणि झालेच तर हौद्यातलीच माती चोळावी. हे वाचून राहवले नाही. केस्तूड बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होते. हळदीतले कुर्क्युमिन त्याची वाढ रोखते, हे मी स्वतः आगरच्या (जंतू वाढवण्याच्या जेलीच्या) बशीत पाहिले आहे. पण तिथे अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क कागदी चकतीवर टाकलेला असतो, आणि शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवली नाही, तर जंतू कशाने मेले हेच कळत नाही. हळदीत कुर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, तेही पाण्यात जवळपास विरघळत नाही.

मंगळवार पेठेतला: साहेब, अकरा वर्षे मी या मातीत घाम गाळला. हौदा खणून ताकाच्या घागरी ओतताना हात कोपरापर्यंत पिवळे होत, कोपर सोलवटले तरी कधी पिकले नाही. माती सोडून कुस्तीच्या मॅटवर गेलो आणि पहिल्याच पावसाळ्यात मानेवर नायटा उठला.

प्रयोगशाळेतून: नायटा बुरशीचा असतो, त्याने केस्तुडाचा प्रश्न सुटत नाही.

कागलचा प्रशिक्षक: मॅटला दोष देणे आता थांबवा. मॅट रोज जंतुनाशकाने पुसता येते, माती कशी पुसणार?

मंगळवार पेठेतला: पुसता येते म्हणता, पण पुसतो कोण? आमच्याकडे महिना महिना फडके लागत नव्हते. मातीची आम्ही पूजा करतो, तिला घाण म्हणणाऱ्याने आधी लंगोट बांधून दाखवावा.

कागलचा प्रशिक्षक: मी वीस वर्षे बांधला आहे. पोरांना ऑलिंपिकला मॅटवरच उतरायचे असते.

एका पैलवानाची बहीण: दादांनो, भांडण मॅटचे नाही. माझ्या भावाच्या मांडीवरच्या केस्तुडावर वस्तादांच्या सांगण्यावरून आठ दिवस माती आणि हळद थापली. नवव्या दिवशी तो तापाने फणफणला, चिरा द्यावा लागला, आणि ती खूण आजही बोटभर लांब आहे. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

प्रयोगशाळेतून: ताईंचे म्हणणे अगदी खरे आहे. मात्र एक गोष्ट मलाही मान्य करावी लागते: कुर्क्युमिन तेलात विरघळते, आणि अल्कधर्मी द्रावणात ते लवकर मोडते, पण ताकासारख्या आम्लात टिकते. म्हणजे हळदीबरोबर तेल आणि ताक घालणाऱ्यांनी विचार केला होता. तेवढ्याने जखम बरी होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

मंगळवार पेठेतला: पिकलेल्या केस्तुडाला माती लावू नये, एवढे मानले. हौद्यात ताक ओतायचे मात्र आम्ही थांबवणार नाही.