चित्र फिरतंय, लेख मागेच राहिला. काय करावं?

कपाशीवाली, नागपूर
कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करते आहे. पहिला लेख प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच, बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावर आहे. कामगंध सापळ्यांची (वासानं पतंग ओढणाऱ्या) आकडेवारी झेनोडो या संशोधनाच्या खुल्या साठ्यावर. एक्सवर इंग्रजीत धागा लिहिला, यूट्यूबवर मराठीत छोटा व्हिडिओ केला. आता त्यातलं एक चित्र कापून काटोल-हिंगण्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरतंय. त्यावर ना दुवा, ना 'तज्ज्ञांची समीक्षा बाकी' ही ओळ. माझं नाव नाही, ते जाऊ द्या. पण त्यावरून कुणी फवारणी ठरवली तर? हे सगळं एकमेकांना कसं बांधून ठेवायचं?

ग्रंथालयवाला
ताई, डीओआय (लेखाचा किंवा आकडेवारीचा कायमचा क्रमांक, जो दुवा म्हणूनही चालतो) धरून चला. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय देतं, शिवाय सगळ्यांना मिळून एक. तो नेहमी ताज्या आवृत्तीवर नेतो. व्हिडिओखाली आणि धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये तोच द्या. बायोआर्काइव्हवर सुधारित प्रत चढवली तरी डीओआय बदलत नाही, जुनी प्रतही वाचता येते. व्हिडिओचं तसं नाही. निष्कर्ष बदलला तरी तो जुनंच बोलत राहतो. म्हणून बदल झाला की वर्णनाच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहा.

कोंढाळीचा शेतकरी
ताई, ग्रुपवर लिंक कोनी उघडत नाही. फोटो पाह्यते अन् आवाज ऐकते, बस. आमाले कृषी सहायकानं सांगतलं का सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले का फवारनीचं पाहा. तुमच्या फोटोत ४० दिसते. मंग कोनाचं आयकाव?

कपाशीवाली, नागपूर
दादा, ते ४० एका सापळ्यात ७ रात्री मिळून आहेत, म्हणजे रात्रीला सहाच्या आसपास. आलेखाच्या अक्षाखाली तसं लिहिलंय, पण चित्र कापताना अक्षच गेला. तुम्ही सांगितलेली मर्यादाच पाळा. यापुढे 'सापळा १, रात्री ७' हे आकड्याला चिकटूनच लिहिते, म्हणजे कापलं तरी सोबत जाईल. हंगाम, गाव आणि 'हा फवारणीचा सल्ला नाही' हेही चित्रातच. डीओआय खाली राहील, कृषी सहायकांना तपासायला. आज रात्री मराठीत ऑडिओ करते. ग्रुपांत जाण्याआधी तुम्ही ऐकाल का?

कोंढाळीचा शेतकरी
इथंच टाका. आमच्या घरच्या बाईले आधी ऐकवतो, सापळे तेच मोजते.